किर्लोस्करांच्या सुरातला कानडी मुलूख

मराठी संगीत रंगभूमीचा इतिहास आपण पुण्या-मुंबईच्या अंगाने सांगतो. अण्णासाहेब किर्लोस्करांचे कर्तृत्व मात्र ते दुभाषी मुलखात वाढले हे ध्यानात घेतल्याशिवाय पुरते उमगत नाही. १८४३ साली किर्लोस्कर जन्मले ते गुर्लहोसूरला, आजच्या कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात. त्याच वर्षी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले. त्यामागेही उत्तर कानडातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांची प्रेरणा होती. भागवतांच्या आणि भाव्यांच्याही खेळात गाण्याचा भार सूत्रधारावर असे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक झाले, तेव्हा किर्लोस्करांनी पदे थेट पात्रांच्या तोंडी दिली. शकुंतला स्वतःच गाऊ लागल्यावर तिचे मन दुसऱ्या कुणी सांगायची गरज राहिली नाही, आणि नटाला अभिनयाइतकाच गळाही हवा झाला. माझ्या मते त्यांची खरी क्रांती हीच.

यावर कुणी म्हणेल, नाटक कालिदासाचे, भाषा मराठी, स्फूर्ती पारशी मंडळींच्या ‘इंद्रसभे’ची, मग यात कानडी ते काय? स्फूर्तीचे श्रेय पारशी रंगभूमीला द्यायलाच हवे. पण संगीत नाटक लोकांच्या ओठी रुळते ते चालींमुळे. किर्लोस्करांनी साकी, दिंडी, लावणीबरोबर कानडी पदांच्या चालीही घेतल्या. १८८२च्या ‘सौभद्रा’ची गोडी कीर्तन आणि लोकगीत जवळून ऐकलेल्या कानाची आहे. नुसत्या नकलेतून ती आली नसती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ही देवाणघेवाण बरोबरीची होती का? नव्हती. मराठी मंडळ्यांचा उत्तर कर्नाटकात एवढा जोर होता, की गदगच्या सक्करी बाळाचार्यांनी, म्हणजे शांतकवींनी, १८७०च्या दशकात कन्नड नाटके लिहून स्वतःची मंडळी काढली. आधुनिक कन्नड व्यावसायिक रंगभूमीची एक सुरुवात अशी मराठीच्या रेट्याला उत्तर देताना झाली. त्या चढाओढीतला सल आपण मान्य केला पाहिजे. पण तिने वाट बंद केली नाही. धारवाडजवळच्या कुंदगोळचे रामभाऊ पुढे मराठी संगीत नाटकांतूनच सवाई गंधर्व म्हणून गाजले. गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी हे त्यांचेच शिष्य.