विचारले, लिहून घेतले, पुढे काय?

मागच्या पावसाळ्यात माझ्या एका जुन्या स्नेह्यांची मुलगी हातात टिपण घेऊन माझ्याकडे आली. एका बालगृहाच्या अधीक्षिकेच्या जागेसाठी तिने अर्ज केला होता. मुलाखतीचे बोलावणे आले होते आणि त्यात एक अट होती. प्रश्नोत्तरांपूर्वी उमेदवाराने ‘मुलांविषयीच्या निर्णयांत मुलांचा सहभाग’ या विषयावर निवड-समितीपुढे दहा मिनिटे बोलावयाचे होते. विलायतेत तर मुलांसाठी काम करणाऱ्या काही संस्थांत मुलांचेच एक मंडळ उमेदवाराला प्रश्न विचारते. आपल्याकडे अजून ती वेळ आलेली नाही, एवढेच तिचे समाधान.

टिपण अकरा पानांचे होते. अक्षर सुरेख, माहिती बिनचूक. मी ते दोनदा वाचले आणि म्हटले, “यात सर्व काही आहे, मूल तेवढे नाही.”

ती हिरमुसली, आणि ते साहजिकच होते. तिने केलेला अभ्यास काही वाया जाणारा नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ सालच्या बालहक्कविषयक कराराचे बारावे कलम तिने नेमके मांडले होते. आपले मत बनवू शकणाऱ्या प्रत्येक मुलाला, त्याच्याशी संबंधित सर्व बाबतींत, ते मोकळेपणाने मांडण्याचा हक्क आहे. आणि त्या मताला मुलाचे वय व समज पाहून योग्य ते वजन दिले पाहिजे, असे ते कलम सांगते. भारताने हा करार १९९२ साली स्वीकारला. पण ही कल्पना परदेशातून परवा-परवा आली असे कोणी समजू नये. १८९० सालच्या पालक व पाल्य अधिनियमातच, अज्ञान मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतके मोठे असेल तर न्यायालयाला ती विचारात घेता येईल, असे म्हटले आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने मुलाचा सहभाग हे तत्त्वच मानले, आणि त्याखालील २०१६ च्या आदर्श नियमांनी बालगृहांत ६ ते १०, ११ ते १५ व १६ ते १८ अशा तीन वयोगटांच्या मुलांच्या समित्या नेमावयास सांगितले.

अडचण कायद्याच्या पुढे सुरू होते. रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी लिहिलेल्या निबंधात सहभागाची एक आठ पायऱ्यांची शिडी कल्पिली आहे. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानीतच नाहीत. मुलांना आपल्या हेतूसाठी वापरून घेणे, त्यांना शोभेसाठी उभे करणे आणि नावापुरते विचारणे, या त्या तीन पायऱ्या. पाहुण्यांच्या स्वागतासाठी हारतुरे घेऊन तासभर उन्हात ताटकळणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. दुसरी पायरी समजावून सांगण्याची गरज नाही. तिसरी मात्र फसवी असते, कारण तीत आपण खरोखरच विचारतो. ती मी स्वतः अनुभवली आहे, आणि शिडीच्या वरच्या बाजूने नव्हे.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका संस्थेच्या समितीवर होतो. तेथील अकरा वर्षांच्या एका मुलाला पुढील शिक्षणासाठी दुसऱ्या गावच्या मोठ्या संस्थेत पाठवावे असे ठरत होते. आम्ही त्याला बोलावले, जवळ बसविले, प्रेमाने विचारले. तो म्हणाला, “जाईन. पण धाकट्याला बरोबर घेऊन.” त्याचा सहा वर्षांचा भाऊ त्याच संस्थेत होता. आम्ही त्याचे म्हणणे इतिवृत्तात शब्दशः लिहून घेतले. चौकशी करता असे कळले की, नव्या संस्थेत एवढ्या लहान मुलांची सोय नाही. तेव्हा थोरल्याला एकट्याला पाठवावे असा ठराव झाला. ठराव चुकीचा होता असे मी आजही म्हणणार नाही. पण तो त्या मुलाला कोणी सांगितलाच नाही. न्यावयास गाडी आली त्या सकाळी त्याला कळले की आपण एकटेच जाणार. तो रडला नाही. माझ्याकडे पाहून त्याने एवढेच विचारले, “मग मला विचारलं कशाला होतं?”

त्याला काय उत्तर द्यावे हे मला तेव्हा सुचले नाही. आधी आठ दिवस त्याला सर्व सांगितले असते, दिवाळीत भावांची भेट ठरविली असती, धाकट्याला पत्र लिहावयास कार्डे दिली असती, तर निर्णय तोच राहूनही त्याच्या बोलण्याने काहीतरी हलले असते. बेलफास्टच्या प्राध्यापिका लॉरा लंडी यांनी २००७ साली या विषयात चार गोष्टी आवश्यक म्हणून सांगितल्या. बोलण्यास जागा, बोलण्यास साहाय्य, ऐकणारा अधिकारी माणूस, आणि त्या बोलण्याचा परिणाम. पहिल्या दोन आम्ही केल्या होत्या, तिसरीही अर्धीमुर्धी. चौथीपाशी आमचे इतिवृत्त संपले.

ही हकीकत मी त्या मुलीला सांगितली आणि म्हटले, “दहा मिनिटे एकाच निर्णयाभोवती बांध. मुलांनी काय सांगितले, त्याने काय बदलले, काय बदलले नाही, आणि जे बदलले नाही ते त्यांना कोणी, कसे सांगितले.”

“माझ्याकडे एवढा मोठा निर्णय कुठे आहे, काका?” ती म्हणाली. दोन वर्षे तिने एका वस्तीत संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालविला होता. हळूहळू उलगडा होत गेला. वर्गातल्या मुली एकाएकी येईनाशा झाल्या होत्या. चौकशी केली तेव्हा कळले की, नळाला पाणी सहा वाजता येते आणि ते भरण्याचे काम मुलींचे. वर्ग साडेसातला नेला, मुली परतल्या. “पण हे फारच किरकोळ आहे,” असे म्हणून तिने ते टिपणात घेतलेच नव्हते! तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डी-कोसबाडच्या परिसरात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काय केले ते मी तिला आठवून दिले. आदिवासी मुले शाळेत येत ना, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणात भरली. त्या मुलांनी मत तोंडाने नव्हे, न येऊन मांडले होते. लहान मुले पुष्कळदा अशीच बोलतात, आणि समितीपुढे हे सांगण्यास अवघडण्याचे कारण नाही.

समितीतील एखादे गृहस्थ हमखास विचारतील, “मुलांनी भलतेच मागितले तर?” त्यावर उत्तर सरळ आहे. मत मुलाचे, जबाबदारी आपली. तिचे ओझे मुलावर टाकणे हा सहभाग नव्हे. भांडणाऱ्या आईबापांमध्ये उभे करून “तुला कोण हवे?” असे मुलाला विचारणे ही तर क्रूरता आहे. त्याचा दिवस कसा जातो, त्याला रात्री कोण निजविते, भीती कशाची वाटते, हे विचारावे. निष्कर्ष मोठ्यांनी काढावा आणि त्याला तो समजावून सांगावा.

चार दिवसांनी ती भाषण म्हणून दाखवावयास आली. शेजारचा नऊ वर्षांचा मुलगा आमच्याकडे कॅरम खेळावयास आला होता, तोही ऐकत बसला. भाषण छान झाले. मुलींनी वर्गाची वेळ बदलून मागितली आणि उन्हाळ्यात गच्चीवर बसू द्या असेही म्हटले, एवढे सांगून ती वेळेच्या गोष्टीकडे वळली होती. संपल्यावर तिने माझ्याकडे पाहिले. बोलला मात्र तो मुलगा. “आणि गच्चीचं काय झालं?”

गच्चीला कठडा नव्हता, म्हणून नाही म्हणावे लागले होते. मुलींना तिने दोघी-दोघींनी जिन्याच्या दारापर्यंत नेऊन ते दाखविलेही होते. वेळ पुरत नाही म्हणून तेवढेच तिने गाळले होते. तिने पेन्सिल मागितली आणि गच्चीसाठी जागा करावयास १९८९ सालचा परिच्छेद दोन ओळींवर आणला.