दोर कोणाच्या हाती?

आमच्या भूमकडे पोरांना विहिरीत पोहायला शिकवितात, तेव्हा कमरेच्या दोराचे टोक काठावरच्या जाणत्या माणसाच्या हाती असते. तारकर्लीला जाऊन स्कूबाची बुडी घेणाऱ्या नवख्या पर्यटकाचा दोर कोणाच्या हाती असतो?

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी नौका उलटली व दोन पर्यटक दगावले. नौकेतली माणसे, जाकिटे निदान मोजता तरी येतात. पाण्याखालच्या वाटाड्याची योग्यता गिऱ्हाइकाने पारखायची कशी? दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो. तेथे घेतलेला श्वास रोखून कोणी घाबरून वर झेपावला, तर ती हवा प्रसरण पावून फुप्फुस फाटू शकते. त्याला वेळीच आवरणारा एकटा वाटाड्याच.

जेथे ग्राहकाला मालाची पारख नसते, तेथे स्पर्धा केवळ दराची होते आणि काटछाट न दिसणाऱ्या सुरक्षिततेत होते, हे अर्थशास्त्राला नवे नाही. म्हणून वाटाड्याचा मोबदला डोकी मोजून नव्हे, दिवसावर ठरावा. आणि समुद्र खवळला असता ‘आज बुडी नाही’ हा त्याचा शब्द मालकालाही मोडता येऊ नये, अशी अट परवान्यातच असावी. मालकाची त्या दिवसाची कमाई बुडेल, हे खरे. ती तूट दरात धरावी. पर्यटकाने चार पैसे अधिक मोजावेत.