पेडलातलं दुसरं छिद्र

जुन्या शेव्हरले कमारोच्या डॅशबोर्डखाली डोकं घालून, पाठीवर आडवं होऊन वर पाहिलं की ब्रेक पेडलाची लोखंडी दांडी दिसते. दांडीला वरच्या अंगाला दोन छिद्रं असतात, एकाखाली एक, जेमतेम इंचभर अंतरावर. पेडल ब्रेकला जोडणारी पिन एकातच असते. गाडी १९६७ ते १९६९ मधली, ओहायोतल्या नॉरवुडच्या नाहीतर कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइसच्या कारखान्यात बनलेली. दुसरं छिद्र तेव्हापासून रिकामंच आहे.

त्या काळी कमारो घेताना पॉवर ब्रेकसाठी जादा पैसे मोजावे लागत. ऑर्डरच्या कागदावर त्याचा कोड होता जे-५०. ज्याने ते पैसे मोजले त्याच्या गाडीत पिन खालच्या छिद्रात बसली, ज्याने नाही मोजले त्याच्या गाडीत वरच्या. आज कुणी पॉवर ब्रेकची कमारो साध्या ब्रेकवर आणायला घेतो, तेही त्या काळच्या अस्सल भागांनिशी, तेव्हा बूस्टर काढून ठेवणं हा त्या कामाचा सगळ्यात सोपा भाग असतो. खरं काम त्या इंचभर अंतराचा हिशोब जुळवण्याचं.

मुळात बूस्टर काय करतो ते पाहू, कारण ती गोष्टच विलक्षण आहे. तो म्हणजे पत्र्याचा गोल डबा, आत एक रबरी पडदा. इंजिन चालू असलं की ते पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा शोषून घेतं. आपण ब्रेकवर पाय ठेवला की एक झडप उघडते आणि पडद्याच्या आपल्याकडच्या बाजूला बाहेरची हवा आत शिरते. ती पडद्याला पुढे रेटते. किती? पडदा ११ इंच व्यासाचा धरला तर त्याचं क्षेत्रफळ ६१३ चौरस सेंटिमीटर. इंजिनाची ओढ १८ इंच पाऱ्याइतकी असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६२० ग्रॅम. गुणाकार करा: ३८० किलो! इंजिन आतली हवा विरळ करतं इतकंच. प्रत्यक्ष रेटा देते ती आपण श्वासात घेतो तीच हवा. बेल्जियमच्या आल्बेर द्यवांद्र यांनी १९२७ मध्ये ही युक्ती मोटारीच्या ब्रेकला जोडली.

मग ती काढायची कशाला? शर्यतीच्या ढंगाचा कॅमशाफ्ट घातलेल्या इंजिनात आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या वायूंचे व्हॉल्व्ह काही काळ एकदमच उघडे राहतात. इंजिन मंद चालत असताना त्याची ओढ ८ इंचांवरही येते, आणि ३८० किलोंचे उरतात १७०. नेमकं सिग्नलपाशी पेडल दगडासारखं होतं. काहींचं कारण वेगळंच असतं: त्यांची गाडी कारखान्यातून साध्या ब्रेकवरच निघालेली असते, बूस्टर मधल्या कुणा मालकाने घातलेला असतो.

आता समजा, बूस्टर काढला आणि त्याच्यापुढचा, ब्रेक ऑइलवर दाब आणणारा मास्टर सिलिंडर तसाच इंजिनामागच्या पत्र्याला बोल्टने आवळला. पिन खालच्याच छिद्रात. पायाने ३० किलोंचा जोर दिला. खालच्या छिद्रातून पेडलाची तरफ तो सुमारे चौपट करते, म्हणजे १२० किलो. पॉवर ब्रेकच्या मास्टर सिलिंडरचा बोअर एक इंच एक सूत. ब्रेक ऑइलवर दाब येतो चौरस सेंटिमीटरला जेमतेम १९ किलो.

पिन वरच्या छिद्रात न्या. ते छिद्र पेडलाच्या टेकूच्या जास्त जवळ आहे, म्हणून जोर सुमारे सहापट होतो: १८० किलो. सिलिंडर एक इंच बोअरचा घ्या. दाब ३५ किलोंवर जातो. एक इंच सरकलेली पिन आणि एक सूत कमी झालेला बोअर, एवढ्यात दाब जवळजवळ दुप्पट. पायाला मात्र जास्त अंतर खाली जावं लागतं, कारण तरफ काहीच फुकट देत नाही.

म्हणूनच बाहेरून हुबेहूब सारखे दिसणारे दोन सिलिंडर एक नसतात. आणखी एक फरक मला त्याहून मोलाचा वाटतो. साध्या ब्रेकच्या सिलिंडरातल्या पिस्टनला मागून खोल भोक असतं आणि पेडलाकडून येणारा पुशरॉड त्यात आतवर रुतून बसतो. पॉवर ब्रेकच्या पिस्टनचा खळगा उथळ. त्यात साधा पुशरॉड टेकवला आणि पेडल कधी मागे ओढलं गेलं, तर रॉड खळग्यातून निसटू शकतो. पुढच्या वेळी पाय दाबाल तेव्हा पेडलापुढे काहीच नसेल. ‘बसतंय ना, मग झालं’ हे वाक्य इथे जीवघेणं आहे.

चाकांपाशी काय आहे तेही पाहायला हवं. कमारोला मुळात चारही चाकांना ड्रम येत, आणि ड्रमची कमाल अशी की तो स्वतःच स्वतःला मदत करतो. फिरता ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढतो, पुढचा शू मागच्याला ढकलतो, आणि दोघंही आणखी घट्ट चिकटतात. चाकाचीच गती ब्रेकचा जोर वाढवते! मुंबईत ज्यांनी कुर्ल्याच्या कारखान्यातली जुनी पद्मिनी चालवली आहे त्यांच्या पायाला हे ठाऊक असतं: चारही चाकांना ड्रम, बूस्टर नाही, तरी भरलेली काळी-पिवळी टॅक्सी थांबायची. डिस्कला ही स्वतःची मदत मिळत नाही. तिथे सगळा जोर बाहेरूनच आणावा लागतो, म्हणून पुढे डिस्क असलेल्या गाडीवर बूस्टर काढताना हिशोब फारच काटेकोर लागतो.

अस्सल भाग शोधणाऱ्यांची नजर मला थक्क करते. त्या काळच्या शेव्हरले इंजिनाच्या ब्लॉकवर ओतकामाची तारीख असते. महिना अक्षरात, ए म्हणजे जानेवारी. ‘ए १५ ८’ दिसलं की १५ जानेवारी १९६८. मास्टर सिलिंडरवरही ओतकामाचा क्रमांक असतो, आणि पुढच्या तोंडावर ठोकलेली दोन अक्षरं. आतून गंजलेला जुना सिलिंडर टाकून देत नाहीत. पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह घालून मूळ बोअरवर आणतात. ही माणसं ब्रेकच्या नळ्यांची वळणंसुद्धा बदलतात, कारण बूस्टर गेला की सिलिंडर त्याच्या जाडीइतका मागे येतो आणि जुनी वळणं कुठेच पोहोचत नाहीत.

शेवटी ब्रेकमधली हवा काढायची. एकजण पेडल मारतो, दुसरा चाकापाशी नट सैल करून बुडबुडे संपायची वाट पाहतो. इतकी वर्षं ज्या हवेने ही गाडी थांबवली, तिचा एक बुडबुडाही आता नळ्यांत चालत नाही. नट आवळला जातो, पेडल वर येतं. डॅशबोर्डखाली पिन वरच्या छिद्रात आहे. खालच्या छिद्राच्या कडेला, ती इतकी वर्षं जिथे घासत होती तिथे, लोखंड अजून चकाकतं.