बनगरवाडीची ग्रामसभा, मुक्काम गडचिरोली

धान घरात आलं, की झाडीपट्टीत नाटकांचे दिवस सुरू होतात. वडसा म्हणजेच देसाईगंज हे या नाटकांचं मुख्य ठाणं. दिवाळीपासून होळीपर्यंत इथल्या कंपन्या चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाची गावं पालथी घालतात. याच रंगभूमीवर आयुष्य काढलेल्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. नाटकाचा पडदा रात्री उघडतो, खेळ संपतो तो पहाटे. घोंगडी पांघरून अगदी पुढे बसलेली सातवी-आठवीतली पोरं तोवर जागची हलत नाहीत, आणि सकाळी अंगणात खलनायकाचं हसणं हुबेहूब काढून दाखवतात.

त्यातल्याच एखाद्या पोराच्या हाती दीडशे पानांची कादंबरी दिली, तर पाचव्या पानावर जांभई येते. दोष पोराचा नाही. नाटक बघताना त्याच्या डोक्याला काम असतं. कोण खोटं बोलतोय, आता पुढे काय होणार, हे सगळं ताडायचं असतं. शाळेत हाती आलेल्या पुस्तकामागून मात्र 'कोण कोणास म्हणाले' येतं, नाहीतर सारांश लिहा. पंधरा ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, पुस्तकं हातात धरून फोटो निघतात ते वेगळंच.

मुलांना कादंबरीत गुंतवायचं तर तिच्यातही काम द्यावं लागतं. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घ्या. 1955 सालची ही कादंबरी.  माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक कोवळा मास्तर येतो, शाळा चालवतो, गावाला तालीम बांधायला लावतो आणि शेवटी दुष्काळात वाडी उठते. दुर्गम गावात एकटाच मास्तर म्हणजे काय, हे भामरागड-एटापल्लीच्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही.

सुरुवात नकाशापासून करावी. चार-पाच प्रकरणं झाली, की वर्गाच्या फरशीवर खडूनं वाडी काढायची. शाळा कुठे, कारभाऱ्याचं घर कुठे, मेंढरं कुठे बसत असतील? इथल्या मुलांच्या हातून हमखास एक मोहाचं झाड आणि गावाशेजारी बोडी, म्हणजे लहानसं तळं, काढली जाईल. मग कोणीतरी हरकत घेईल, की पुस्तकात बोडी कुठे आहे? पानं उलटायची ती या घडीला, आणि मुलं ती आपणहून उलटतात. गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे 70 टक्के भाग जंगलाखाली आहे. माणदेशात वर्षाला साधारण 500 मिलिमीटर पाऊस, इथे त्याच्या दुपटीहून जास्त. फरशीवरची बोडी ओल्या फडक्यानं पुसताना तो उजाड मुलूख जेवढा कळतो, तेवढा शब्दार्थ पाठ करून कळत नाही.

दुसरं काम ग्रामसभेचं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला. या गावात निर्णय बहुमतानं होत नाहीत, सर्वसहमतीनं होतात. वर्गानंही तसंच बसावं. प्रत्येक मूल वाडीतलं एक माणूस होणार आणि विषय एकच: तालीम बांधायची का? हात वर करून मोजणी करायला बंदी. ज्याला मेंढरांमागे जायचंय तो कुरकुरणार, त्याचं मन वळवेपर्यंत सभा उठणार नाही. मास्तर झालेल्या मुलाला घाम फुटतो, आणि कादंबरीतल्या मास्तरानं काय केलं असेल याची खरी उत्सुकता तेव्हा लागते.

कादंबरीतल्या शेकूला मात्र याच सभेपुढे उभं करावं. बैल नाही म्हणून त्याची बायको बैलाच्या जागी स्वतःला जुंपून घेते, हा या कादंबरीतला विसरता न येणारा प्रसंग. रोवणीच्या दिवसांत आईला दिवसभर चिखलात वाकलेलं पाहणारी मुलं शेकूला सोडणार नाहीत. पण खरे प्रश्न त्याच्या बायकोला विचारायला हवेत. पुस्तकात ती फार बोलत नाही. वर्गातल्या एखाद्या मुलीनं तिच्या जागी उभं राहून बोलायचं.

आणि कोणत्या भाषेत बोलायचं? घरी माडिया किंवा झाडीबोली, शाळेत प्रमाण मराठी, पुस्तकातल्या माणसांची बोली माणदेशी. सभा घरच्या भाषेतच होऊ द्यावी. शेकूची बायको माडियात बोलली, तर तिचं दुःख कमी होत नाही. माडगूळकरांनीही धनगरांच्या तोंडी पुस्तकी मराठी घातली नव्हती.

त्यांचीच 'सत्तांतर' तर या जंगलाच्या अगदी जवळची. वानरांच्या टोळ्यांची ही कादंबरी. तिला 1983 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ती उघडण्याआधी आठ दिवस वानरांची वही ठेवावी. टोळीत किती जण, थोराड नर कोणता, पिल्लू कोणाकोणाच्या कुशीतून फिरतं. (वाघाच्या मुलखात ही वही शाळेच्या व्हरांड्यातूनच भरायची.) मुलं वानरांना नावं देतातच. मग पुस्तकातही नावं सापडली, की लेखकानं आपल्यासारखंच केलं म्हणून खूश होतात. टोळी बळकावणारा नवा नर पिल्लांना मारतो, हे मात्र आधी सांगून ठेवावं. पाचवीला हे पुस्तक नको, नववीला चालेल.

नंतरच्या गप्पांसाठी एडन चेंबर्स या इंग्रज शिक्षक-लेखकाची युक्ती कामाची आहे. 'का आवडलं?' विचारलं की मूल बिचकतं, म्हणून ते 'सांग बरं' म्हणत. काय आवडलं, काय नाही, कुठे अडलं, कशाची आठवण झाली, एवढंच सांगायचं. गप्पांपुढची पायरी सादरीकरणाची. पालघरकडे 'क्वेस्ट' संस्थेच्या 'गोष्टरंग' उपक्रमातले नट आश्रमशाळांत मुलांच्या पुस्तकांतल्या गोष्टी सादर करतात. झाडीपट्टीत तर नट घरोघरी आहेत.

तेव्हा शेवटचं काम जाहिरातीचं. वडशाच्या कंपनीसारखं 'बनगरवाडी'चं पोस्टर करायचं, भडक रंगात, 'अर्थात' घालून जोडनाव देऊन. मधोमध मोठा फोटो कोणाचा, यावर वर्गात भांडण ठरलेलं. मास्तर म्हणावा, तर तो अर्धा वेळ बघतच उभा असतो. कारभारी म्हणावा, तर तो शेवटपर्यंत टिकत नाही. मागच्या बाकावरून कोणी म्हणेल, फोटो मेंढराचा लावा. त्याला पोस्टरवरची सगळ्यात मोठी जागा द्यावी, आणि 'अर्थात'च्या पुढचं नावही त्यालाच लिहू द्यावं.