लेबलावरचे वॅट आणि गावातली वीज

सुटे भाग निवडून संगणक जोडून घेणाऱ्या ग्राहकाचे बहुतेक लक्ष प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर असते, आणि या भागांना वीज पुरवणारी पेटी, जिला दुकानात सरसकट ‘एसएमपीएस’ म्हणतात, ती उरलेल्या पैशांत किंवा कॅबिनेटसोबत आयती मिळते म्हणून घेतली जाते. मोठ्या शहरात ही हयगय बऱ्याचदा खपून जाते. पण शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या, रोहित्रापासून लांब असलेल्या वाड्या-पाड्यांत ती महागात पडू शकते.

एसएमपीएसचे काम वीज निर्माण करण्याचे नसून तिचे रूप पालटण्याचे आहे. घरातली वीज २३० व्होल्टची आणि प्रत्यावर्ती, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तने करत दिशा बदलणारी असते, तर संगणकाला १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा एकाच दिशेने वाहणारा, म्हणजेच दिष्ट प्रवाह लागतो. शेजारच्या भिवंडी तालुक्यात पडघे येथे याच्या उलट रूपांतर अवाढव्य प्रमाणावर चालते: चंद्रपूरहून सुमारे ७५० किलोमीटर अंतर कापून ५०० किलोव्होल्ट दाबाने आलेला दिष्ट प्रवाह तेथे १९९९ पासून प्रत्यावर्ती केला जातो. संगणकाच्या पेटीत तीच वीज पुन्हा दिष्ट होते.

किती वॅटची पेटी घ्यावी, हा हिशेब फारसा अवघड नाही. ६५ वॅटचा प्रोसेसर, ११५ वॅटचे आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड आणि बाकीच्या भागांचे पन्नास-साठ वॅट धरले, तर गरज अडीचशेच्या आसपास जाते. तरीही कार्डाचा निर्माता ५५० वॅटची पेटी सुचवतो, कारण प्रोसेसर आणि कार्ड या दोघांचीही मागणी क्षणार्धात उसळी घेते. मात्र खोक्यावरच्या मोठ्या आकड्यावर विसंबू नये. पेटीच्या अंगावर चिकटवलेल्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्याखाली किती अँपिअर लिहिले आहेत, ते पाहावे; तेथे १८ अँपिअर असतील, तर संगणकाच्या मुख्य भागांसाठी खरी शक्ती फक्त २१६ वॅट आहे, मग खोक्यावर ४५० छापलेले का असेना. ‘८० प्लस’ ही खूण असल्यास पेटी २०, ५० आणि १०० टक्के भारावर घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के वीज संगणकापर्यंत पोहोचवते. उरलेली उष्णतेत जाते.

ग्रामीण ग्राहकाने वॅटइतकेच महत्त्व आत येणाऱ्या दाबाला द्यायला हवे. घरगुती जोडणीचा दाब २१६ ते २४४ व्होल्टच्या दरम्यान असावा, असे अपेक्षित असले, तरी रोहित्रापासून दूरच्या घरात संध्याकाळी भार वाढला की दिवे मंद होतात. अशा वेळी पेटी तेवढेच काम करण्यासाठी जास्त प्रवाह ओढते: २५० वॅटला २३० व्होल्टवर सुमारे १.१ अँपिअर पुरतात, १७० व्होल्टवर जवळपास दीड लागतात, आणि हलक्या पेटीचे भाग तापतात. म्हणून तक्त्यावर ‘१००–२४० व्होल्ट’ असा पूर्ण पल्ला छापलेली आणि ‘अ‍ॅक्टिव्ह पीएफसी’ (पॉवर फॅक्टर सुधारणारे सर्किट) असलेली पेटीच घ्यावी. चौकोनी लहरींच्या स्वस्त इन्व्हर्टरवर अशा काही पेट्या गुणगुणतात किंवा बंद पडतात. त्यांना साइन वेव्हचा इन्व्हर्टर मानवतो.

लाईट गेली की पेटीतला कपॅसिटर संगणकाला साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरू देतो. साधा यूपीएस चार ते दहा मिलिसेकंदांत बॅटरीवर येतो, त्यामुळे चांगल्या पेटीसोबत संगणक चालू राहतो. पण ६०० व्हीए लिहिलेला यूपीएस प्रत्यक्षात बहुधा ३६० वॅटच देतो, हे लक्षात ठेवावे.

सर्वांत दुर्लक्षित बाब अर्थिंगची आहे. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लागताच झिणझिण्या येत असतील, तर दोष बहुधा संगणकात नसून भिंतीतल्या सॉकेटमध्ये असतो. एसएमपीएसच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रलपासून पेटीच्या पत्र्याला जोडलेले दोन छोटे कपॅसिटर विजेतला गोंगाट गाळतात. तिसरी पिन जमिनीशी जोडलेली नसेल, तर पत्र्यावर निम्मा दाब, म्हणजे सुमारे ११५ व्होल्ट तरंगत राहतो. निरोगी पेटीत त्यातून वाहणारा प्रवाह अगदी क्षीण असतो, पण प्रिंटर किंवा मॉनिटरची केबल जोडताना तो पोर्ट जाळू शकतो, आणि पेटीतले इन्सुलेशन निकामी झाले तर पत्रा जीवघेणा होतो. या भागातल्या काळ्या कातळावर मातीचा थर जेथे पातळ असतो, तेथे उन्हाळ्यात जमीन सुकते आणि अर्थिंग कमकुवत होते. म्हणून अर्थिंगच्या मीठ-कोळसा भरलेल्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावे लागते. जाणत्या वायरमनकडून मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मोजून घ्यावा. तो जेमतेम दोन-तीन व्होल्ट असावा. पावसाळ्याच्या तोंडावर वीज कडाडू लागली, की संगणकाचा प्लग आणि इंटरनेटची केबल दोन्ही काढून ठेवावीत, कारण जवळ पडलेल्या विजेपुढे कोणत्याही किमतीची पेटी टिकेलच असे नाही.