दहांपैकी सात

‘या औषधाने दहांपैकी सात रोगी बरे झाले,’ असे कानांवर पडले की ज्याच्या घरी आजारी माणूस आहे त्याचे मन त्या औषधाकडे ओढ घेते. त्यात नवल ते काय? पण ते दहा जण औषधावाचून राहिले असते तर कितीजण बरे झाले असते, हा प्रश्न त्या घाईत सहसा कोणी विचारीत नाही.

समजा, एखादा विकार निम्म्या रोग्यांत आपोआप बरा होतो. मग प्रत्येक रोगी म्हणजे उडविलेले एक नाणेच होय. छापा पडला तर बरा, काटा पडला तर नाही. दहा नाणी उडविली असता एकंदर १,०२४ प्रकार संभवतात आणि त्यांपैकी १७६ प्रकारांत सात किंवा अधिक छापे येतात. म्हणजे औषधाच्या बाटलीत निव्वळ पाणी असले, तरी सहा वेळांत सुमारे एकदा हे यश पदरी पडावयाचेच! शंभरांपैकी सत्तर बरे झाले तर मात्र गोष्ट निराळी. शेकडेवारी तीच, परंतु केवळ योगायोगाने तेवढे किंवा त्याहून अधिक यश येण्याचा संभव २५,००० त सुमारे एक इतकाच उरतो.

या गणितास द्विपद वितरण म्हणतात. याकोब बेर्नुली या स्विस गणितज्ञाचा त्यासंबंधीचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला लागणारे आकडे मात्र आपल्या छंदःशास्त्राला अपरिचित नव्हते. लघु-गुरूंचे प्रकार मोजण्यासाठी पिंगलाच्या सूत्रांवरील टीकेत हलायुधाने दहाव्या शतकात जो मेरुप्रस्तार उलगडून दाखविला, त्यात ते सापडतात.

क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची परीक्षा ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने केली, तिचा वृत्तांत १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध दुर्मिळ होते. सर्वांना पुरणारे नव्हते. ५५ रोग्यांना विश्रांतीबरोबर औषध मिळाले, ५२ जणांना केवळ विश्रांती. कोण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टरांच्या मर्जीवर नव्हते. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी यदृच्छ अंकांवरून ते ठरवून बंद पाकिटांत ठेविले होते. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४ आणि दुसऱ्यात १४ रोगी दगावले.

औषध निरुपयोगी आहे असे क्षणभर धरू. मग दगावलेल्या अठरांपैकी प्रत्येक जण कोणत्या गटातला निघावा, हे जवळजवळ नाणेफेकीसारखेच झाले. अठरा नाण्यांत चार किंवा त्याहून कमी छापे पडणे ६५ वेळांत सुमारे एकदाच घडते. योगायोगावर हवाला ठेवणे येथे कठीण होते. मात्र त्या बंद पाकिटांऐवजी कोणी डॉक्टराने दयेपोटी, बरे होण्याजोगे रोगी औषधासाठी निवडले असते, तर हाच हिशेब कवडीमोलाचा ठरला असता. माझ्या मते पाकिटांची योग्यता गणिताहून तसूभरही कमी नाही.

आणि सहा महिन्यांचा आकडा सहा महिन्यांपुरताच बोलतो. त्या अवधीतच अनेक रोग्यांच्या शरीरातील जंतू स्ट्रेप्टोमायसिनला दाद देईनासे झाले होते. पुढे त्याला पी. ए. एस. या दुसऱ्या औषधाची जोड द्यावी लागली.