तान्हा पोळा : बालकांची वेशभूषा, फेरी आणि शिक्षकांचे कर्तव्य

श्रावण अमावास्येस बैलांचा पोळा होतो आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, विदर्भात बालगोपाळांचा तान्हा पोळा भरतो. लाकडी नंदीस झूल पांघरून, त्याच्या गळ्यात घुंगूर बांधून मुले घरोघर जातात. घरधनीण नंदीस व बालकास ओवाळते आणि हातावर बोजारा ठेवते. कोठे नाणे, कोठे खाऊ. दुसऱ्या रघूजी राजे भोसल्यांनी ही प्रथा नागपुरास सुरू केली, असे परंपरेने सांगण्यात येते. ज्याच्या श्रमावर घर चालते त्या मुक्या प्राण्याविषयीची कृतज्ञता लहानपणीच मनावर ठसावी, हा तिचा हेतू. आता बहुतेक शाळांतून या निमित्ताने नंदीसजावटीच्या व वेशभूषेच्या स्पर्धा होतात. म्हणून या दिवसाची काही जबाबदारी ओघानेच शिक्षकांकडे येते. पुढील सूचना अंगणवाडीतील व पहिली ते चौथीच्या बालकांस अनुलक्षून केल्या आहेत.

पोशाख

स्पर्धेत कृष्ण, मावळा, शेतकरी, साधू अशी सोंगे असतात. वडील माणसांचे धोतर किंवा लुगडे बालकास नेसविले की ते पायांत येते व मूल तोंडघशी पडते. यास्तव कोणताही पोशाख घोट्याच्या वर राहील असा खोचावा अथवा टाचावा. पायांत रोजच्या सवयीची पादत्राणे असू द्यावीत.

कापड सुती व अंगाबरोबर बसणारे असावे. नायलॉन वा पॉलिएस्टर पेटले म्हणजे वितळून कातडीस चिकटते, व त्याची जखम खोल जाते. सुती कापडही पेटते, हे विसरू नये. घोळदार सुती वस्त्र तर पाहता पाहता पेट घेते. ह्या सणात प्रत्येक दारी निरांजन पेटलेले असते. साधूच्या सोंगास लावलेली कापसाची दाढी आणि ओवाळणाऱ्या हातातील ज्योत यांत वीतभर अंतर उरते. कापसाची दाढी मुळीच लावू नये. काजळाने रेखाटलेली दाढी तितकीच शोभते. नंदीस व बालकास अंतरावरून ओवाळावे, असे माताभगिनींस आधीच सांगून ठेवावे.

डोळ्यांवर येणारा मुखवटा बालकाची बाजूची दृष्टी हिरावून घेतो. त्याऐवजी चेहरा रंगवावा किंवा कपाळावर मुकुट बांधावा. तलवार पुठ्ठ्याची असावी. टोकदार बाण व पत्र्याची शस्त्रे डोळ्यांस इजा करतात, म्हणून ती शाळेच्या आवारात येऊ देऊ नयेत.

गळ्याभोवतीची दोरी

या एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधावयाचे आहे. हुतात्मा भगतसिंगांच्या फाशीचा प्रसंग बसविण्याची हौस पुष्कळ शाळांत असते. मूल ती भूमिका घरी एकटेच करून पाहते. २०२१ साली उत्तर प्रदेशात व २०२२ साली कर्नाटकात अशा सरावाच्या वेळी गळ्यास फास बसून शाळकरी मुले मृत्युमुखी पडली. फासाचा प्रसंग कोणत्याही कार्यक्रमात ठेवू नये. हुतात्म्यांचे स्मरण त्यांच्या विचारांनी व कार्याने करावे. ‘दोरी खोटी आहे’ ह्या समजुतीवर विसंबू नये. घरी गेल्यावर मूल खरी दोरी घेते. उपरणे, माळ व झूलीची दोरीही गळ्याभोवती गाठ मारून बांधू नये.

रंग

मारुतीच्या सोंगासाठी अंगास शेंदूर फासण्याची चाल आहे. शेंदूर हे बहुधा शिशाचे संयुग असते. बालकाचा हात सारखा तोंडात जातो व शिसे पोटात जाते. शिशाने बालकाच्या मेंदूची वाढ खुंटते. पुतळ्याच्या सोंगासाठी लावला जाणारा चंदेरी तैलरंग भिंतीसाठी वा लोखंडासाठी केलेला असतो, कातडीसाठी नव्हे. गेरू, काजळ, हळद व कुंकू यांनी काम भागते. मात्र बाजारी कुंकवातही भेसळ असू शकते, म्हणून तेही जपून वापरावे. कोणताही रंग आदल्या दिवशी कोपराच्या आतील बाजूस लावून पाहावा व पुरळ उठल्यास वर्ज्य करावा. डोळे व ओठ यांजवळ रंग लावू नये. फेरीनंतर खोबरेल तेलाने तो पुसून मग साबणाने चेहरा धुवावा.

मंडप

२३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे एका शाळेच्या वार्षिक समारंभात मंडपास आग लागली आणि चारशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत बालकांची संख्या मोठी होती. मंडपाचे कापड झपाट्याने पेटणारे होते व बाहेर पडण्यास पुरेशा वाटा नव्हत्या. आपला मंडप लहान असला तरी धडा तोच आहे. मंडपास समोरासमोर दोन वाटा मोकळ्या ठेवाव्यात, विजेची उघडी तार नसावी, व पाण्याची पिंपे आणि वाळूच्या बादल्या जवळ भरून ठेवाव्यात. स्पर्धा उघड्या अंगणात, दिवसाउजेडी घेता आली तर सर्वांत उत्तम.

फेरी

फेरीचा मार्ग शिक्षकाने आदल्या दिवशी स्वतः चालून पाहावा. दिवस पावसाळ्याचे असतात. वाटेत भरलेला नाला, कठडा नसलेली विहीर, लोंबणारी तार, उकिरडा व वाढलेले गवत लागते. असा भाग वगळावा. काही गावी या दिवशी जुगार व मद्यपान चालते. तिकडील वाटही टाळावी. दहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे, व त्याच्याजवळ त्या मुलांची नावे लिहिलेली असावीत. रस्त्याने जाताना उजव्या कडेने चालावे, म्हणजे समोरून येणारे वाहन दिसते. नंदी उतारावर सुटला तर त्याच्यामागे धावू नये, हे मुलांकडून म्हणवून घ्यावे. फेरी दिवे लागण्यापूर्वी संपवावी.

बोजारा अंगणातच घ्यावा. ओळखीचे घर असले तरी एकट्याने उंबरठा ओलांडू नये. कोणी अनुचित रीतीने अंगास हात लावला तर मोठ्याने नाही म्हणून गटाकडे यावे व शिक्षकास सांगावे. बालकांच्या मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे; तो मुलांस पाठ असावा.

ज्या मुलाकडे नंदी नाही, ते गटाच्या मागे रेंगाळते किंवा वेगळेच भटकते. नजरेआड झालेले मूलच धोक्यात सापडते. यास्तव शाळेने माती वा पुठ्ठा यांचे नंदी वर्गात करवून घ्यावेत, आणि कोणत्याही वस्तीतील मूल फेरीबाहेर राहणार नाही असे पाहावे.

खाऊ

फुटाणे, शेंगदाणे व कडक गोळ्या पाच वर्षांखालील मुलांच्या श्वासनलिकेत अडकू शकतात. त्यांस लाडू, केळे असे मऊ पदार्थ द्यावेत. मूल धावताना वा हसताना खाऊ खाणार नाही असे पाहावे. बोजाऱ्याची नाणी लगेच पिशवीत टाकावीत, तोंडात नव्हे. लुकलुकणाऱ्या खेळण्यांतील बटणासारखी चपटी बॅटरी फार घातक असते. गिळल्यावर ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजू शकते. अशा वेळी ओकारी करवू नये. तात्काळ रुग्णालय गाठावे.

प्रसंग ओढवल्यास

घास अडकलेले मूल खोकत असेल तर त्यास खोकू द्यावे. आवाजच निघत नसेल तर त्यास पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा माराव्यात. तरीही मोकळे न झाल्यास पाठीमागून मिठी घालून, बेंबीच्या वर मूठ ठेवून पाच वेळा आत व वर झटका द्यावा. दोन्ही क्रिया आळीपाळीने चालू ठेवाव्यात. दिसत नसलेल्या घासासाठी घशात बोटे घालून चाचपडू नये. ही रीत एक वर्षावरील मुलांसाठी आहे.

कपडा पेटल्यास मुलास धावू देऊ नये. जमिनीवर निजवून लोळवावे वा घोंगडीत गुंडाळावे. भाजलेल्या जागी वीस मिनिटे साध्या स्वच्छ पाण्याची धार धरावी. शाई, टूथपेस्ट, तूप वा बर्फ लावू नये, व चिकटलेला कपडा ओढू नये. जखमेवर स्वच्छ कापड झाकून १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.

सणापूर्वी आठ दिवस पालकसभा बोलावून ह्या सूचना वाचून दाखवाव्यात, व घास अडकल्यावरची क्रिया मोठ्या माणसांकडून एकदा करवून घ्यावी. मात्र सरावात पोटावर खरा झटका देऊ नये. तितक्या एका सायंकाळच्या श्रमाने मुलांचा सण मुलांसाठी आनंदाचा राहील.